टू बीएचकेचं डीप क्लीनिंग : रेट किती लावायचा आणि माणसं कशी धरून ठेवायची?



दसरा जवळ आला की माझ्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. दुकान हाऊसकीपिंगच्या सामानाचं आहे, चिंचवडमध्ये. पाच लिटर फिनाईलचा कॅन, दोन मॉप, डझनभर मायक्रोफायबरची फडकी, काचेचा वायपर एवढं घेतात आणि पैसे देता देता विचारतात, "मॅडम, घर साफ करून द्यायची सर्व्हिस चालू करतोय. टू बीएचकेला रेट काय लावू?" मी विचारते, माणसं कोण आहेत? "माणसं काय हो, मिळतील."

यातले बरेच जण संक्रांतीनंतर परत दिसत नाहीत. काम मिळत नाही असं नसतं, दिवाळीआधी तर फोन उचलायला वेळ नसतो. पण रेट शेजारच्याचा बघून लावलेला असतो आणि माणसं मिळेल तिथून उचललेली असतात. परवाच्या व्हिडिओत हे घाईघाईत सांगितलं, कमेंटमध्ये खूप प्रश्न आले, म्हणून आज आकड्यांसकट लिहिते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे घालून बघा. पद्धत तीच राहील.

समजा टू बीएचके आहे, सामानाने भरलेलं, तीन माणसांचं एक दिवसाचं काम. बाजारात कोणीतरी ३,५०० घेतंय म्हणून तुम्हीही ३,५०० सांगितले. पगार माणशी महिन्याला १६,००० (आधी तुमच्या भागाला लागू असलेलं किमान वेतन बघून घ्या, त्याखाली जायचं नाही). १६,००० भागिले २६ दिवस, म्हणजे दिवसाला ६१५. तीन माणसांचे १,८४६. केमिकल ३५०, येण्याजाण्याचे ३००. एकूण २,४९६. हजार रुपये सुटले! असं वाटतं ना?

आता कॅलेंडर उघडा. महिन्यात २६ दिवस पगार देता, पण काम २६ दिवस येतं का? दिवाळीचा महिना सोडला तर सुरुवातीच्या वर्षात १८ दिवस काम आलं तरी चांगलं म्हणायचं. पगार मात्र पूर्ण. त्यात दिवाळीला एक पगार बोनस द्यायचा, म्हणजे महिन्याला आणखी १,३३३ बाजूला. झाले १७,३३३. याला १८ ने भागा, दिवसाला ९६३ येतात. ६१५ कुठे आणि ९६३ कुठे! तीन माणसांचे २,८८९. पुढे केमिकल ३५०, प्रवास ३००, मशीनची झीज १५० (४५,००० ची मशिनं ३०० कामं चालली असं धरून), जाहिरात आणि फोन २५०, तुमचा स्वतःचा वेळ ५००, आणि पुन्हा जाऊन करून द्यावं लागलं किंवा काही फुटलं तर त्यासाठी २००. बेरीज ४,६३९.

म्हणजे ३,५०० वाला प्रत्येक कामात १,१३९ रुपये घालतोय. स्वतःच्या वेळेचे पैसे नाही धरले तरी ६३९ खिशातून जातात. आणि त्याला हे कळत नाही, कारण रोज संध्याकाळी हातात रोख दिसते. कळतं ते सात तारखेला, पगाराच्या दिवशी.

यावर नफा लावताना अजून एक गडबड होते. वीस टक्के नफा हवा म्हणून लोक ४,६३९ मध्ये वीस टक्के मिळवतात, ५,५६७ येतात. पण विक्रीच्या किमतीवर बघितलं तर तो नफा १६.७ टक्केच पडतो. विक्रीवर वीस टक्के हवे असतील तर ४,६३९ ला ०.८ ने भागा. ५,८०० झाले. बीबीएच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात, परीक्षेत सगळे लिहितात, आणि धंद्यात सगळे विसरतात.

"मॅडम, ५,८०० कोण देणार? समोरची बाई म्हणते, आमच्या मावशी महिन्याला दोन हजारांत करतात." याला उत्तर साधं आहे. मावशी रोज केर-फरशी करतात. किचनची चिमणी, खिडक्यांचे ट्रॅक, माळ्यावरचा भाग, बाथरूमच्या टाइल्सवर बसलेले क्षार, हे त्यांच्या कामात कधीच नव्हतं. हे प्रेमाने सांगा, वाद घालू नका. आणि मावशींना कमी लेखून स्वतःचं काम विकू नका. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकाही त्याच घरांतल्या, त्याच वस्त्यांमधल्या असतात.

मग स्वस्तात कधीच करायचं नाही का? करायचं, पण कधी ते समजून. मंगळवार-बुधवार टीम घरी बसली असेल तर पगार तसाही चालूच आहे. त्या दिवशीच्या कामाला जास्तीचा खर्च फक्त केमिकल, प्रवास, झीज, जाहिरात आणि फुटतुटीचा, म्हणजे १,२५०. तेव्हा ४,९०० ला काम घेतलं तरी पगाराला ३,६५० चा हातभार लागतो. शनिवार-रविवार आणि दिवाळीआधीचे तीन आठवडे मात्र एक रुपया सोडायचा नाही. आणि बिलावर पूर्ण ५,८०० लिहून खाली 'मधल्या वारांची सवलत' वजा दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी ती बाई रविवारी बोलावेल आणि ४,९०० च म्हणेल.

घर न बघता रेट सांगू नका. जाता येत नसेल तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करा आणि तीन गोष्टी दाखवायला सांगा : चिमणीची जाळी, बाथरूमचे नळ, एका खिडकीचा ट्रॅक. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावरच्या सोसायट्यांत क्षार इतके असतात की एका बाथरूमला दोन तास जातात. नवीन फ्लॅट किंवा रिनोव्हेशननंतरचं घर असेल तर रेट वेगळाच काढायचा. सिमेंटचे डाग आणि रंगाचे थेंब खरवडण्यात दिवस जातो. आणि खिडकीच्या बाहेरची काच? आतून हात पोचतो तेवढीच. सज्जावर कोणी उतरणार नाही, हे कोटेशनमध्येच लिहा. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

आता माणसं. माझं मत विचाराल तर हा धंदा इथेच उभा राहतो किंवा पडतो.

जाहिरात देऊन माणसं शोधण्यापेक्षा एक चांगली ताई मिळवा आणि तिला विचारा, "तुझ्या ओळखीचं कोण आहे?" बचत गटातून, भिशीतून, शेजारून येणारी बाई ओळखीला जपून काम करते. भेटीत "अनुभव आहे का" विचारून काही कळत नाही, सगळे 'आहे' म्हणतात. एक दिवस कामावर न्या, आणि त्या दिवसाचे पूर्ण पैसे द्या, फुकटची ट्रायल नको. मग बघा : ती वरून खाली येते का, म्हणजे आधी पंखा मग फरशी? कोरडी धूळ काढल्याशिवाय पाणी तर लावत नाही ना? आणि माहीत नसलेल्या बाटलीला हात लावण्याआधी विचारते का? तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. वेग महिनाभरात येतो.

बाटलीचं सांगते, कारण दुकानात मी हे रोज बघते. टॉयलेट क्लीनरमध्ये ॲसिड असतं. त्यात ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. "दोन्ही टाकलं की लवकर निघतं" असं कोणीतरी शिकवलेलं असतं. ते पहिल्याच दिवशी मोडून काढा. बाटल्यांना रंगीत पट्ट्या लावा, दोन्ही एका दिवशी एका बाथरूमला वापरायच्याच नाहीत असा नियम करा. मार्बलवर ॲसिड पडलं की चकाकी जाते आणि पॉलिश करून द्यायचा खर्च तुमचा. हातमोजे, मास्क तुम्ही द्यायचे, त्यांच्या पगारातून कापायचे नाहीत.

कागदपत्रं : आधारची झेरॉक्स घ्या, मूळ कार्ड ठेवून घेऊ नका. पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, गिऱ्हाईकही विचारतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघाती विमा देते, वय १८ ते ७०. प्रत्येकीच्या बँक खात्यावर ती चालू आहे का बघा, ते वीस रुपये तुम्ही द्या. दहा माणसं झाली की ईएसआय लागू होतं, तो खर्च रेटमध्ये आधीपासून दिसला पाहिजे.

आणि चोरीचा आळ. यावर कोणी बोलत नाही, म्हणून थोडं थांबते. माझ्या बॅचमधली एक ताई निगडीकडे हे काम करते. एकदा रात्री नऊला फोन आला, सोन्याचं कानातलं सापडत नाही, तुमच्या बायकांना घेऊन या, पिशव्या बघायच्या आहेत. ही म्हणाली, "पिशव्या मी कोणाला तपासू देणार नाही. तक्रार द्यायची असेल तर मी स्वतः तुमच्याबरोबर चौकीत येते. त्याआधी मला दहा मिनिटं द्या." ती व्हॅक्युमची पिशवी घेऊन गेली, हॉलमध्ये पेपर पसरून त्यावर रिकामी केली. धुळीच्या गोळ्यात कानातलं होतं. त्या घरून पुन्हा फोन आला नाही, सॉरीही नाही. पण तिघींपैकी एकीने "उद्यापासून मी येत नाही" असं आधीच कळवलं होतं, ती दुसऱ्या दिवशी आली. तिघी आजही तिच्याकडेच आहेत, जास्त पगाराचे फोन येऊनसुद्धा.

तेव्हापासून तिचा नियम आहे : काम सुरू करण्याआधी दागिने आणि रोख कपाटात ठेवून किल्ली गिऱ्हाईकाकडे, प्रत्येक खोलीचे फोटो, आणि व्हॅक्युमची पिशवी गिऱ्हाईकासमोर, त्याच घरात रिकामी करायची. मी आता हे सगळ्या बॅचना शिकवते.

शेवटी जीएसटी, कारण कमेंटमध्ये सगळ्यात जास्त तोच होता. सेवेसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी करावी लागते. एक टीम, महिन्याला १८ कामं, ५,८०० ने वर्षाला साडेबारा लाख होतात, तेव्हा काळजी नाही. दुसरी टीम उभी केली की २५ लाख. मग १८ टक्के लावले तर तेच काम ६,८४४ ला जातं, आणि घरगुती गिऱ्हाईकाला त्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, त्याच्यासाठी ती सरळ भाववाढ. लहान सेवा व्यावसायिकांना ५० लाखांपर्यंत कंपोझिशनचा पर्याय आहे, ६ टक्के, पण तो गिऱ्हाईकाकडून वेगळा घेता येत नाही, तुमच्या ५,८०० मधूनच ३४८ जातील. दुसऱ्या टीमची माणसं घ्यायच्या आधी सीएकडे बसून हे दोन्ही हिशेब मांडा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तीही स्वतः भरता येते.

तुमच्या गावचे पगार आणि कामाचे दिवस घालून हिशेब करा आणि कमेंटमध्ये टाका. पुढच्या आठवड्यात त्यातले तीन-चार हिशेब मी व्हिडिओत घेईन.