एका गाडीला दोन इंजिनं कशासाठी?

ड्रॅग रेसिंगचा मामला सरळ आहे. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, पाव मैल म्हणजे 402 मीटर नाकासमोर पळतात आणि आधी पोचेल ती जिंकते. वळणं नाहीत, डावपेच फारसे नाहीत. सगळी अक्कल दोनच गोष्टींत लागते: ताकद किती काढायची आणि ती टायरमधून जमिनीवर कशी उतरवायची.

1955 साली अमेरिकेत कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे लॉइड स्कॉटची ‘बसल बॉम्ब’ ताशी 151 मैलांनी (243 किमी) धावली. दीडशेचा आकडा त्याआधी कुणीच ओलांडला नव्हता. तिच्यात ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक अशी दोन इंजिनं होती. एक चालकापुढे, दुसरं मागच्या चाकांच्याही मागे. मागच्या इंजिनाचं वजन थेट टायरवर पडे. टायरची पकड वरच्या भारावर अवलंबून असते, त्यामुळे हे वजन निव्वळ ओझं नव्हतं.

पण जोडइंजिनांना खरा जोर आला तो 1957 नंतर. त्या वर्षी असोसिएशनने नायट्रोमिथेन या इंधनावर बंदी घालून फक्त पेट्रोल चालेल असं ठरवलं. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला 1.7 किलो पुरते. किलोमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या जेमतेम पाव पट, पण तेवढ्याच हवेत आठपटीहून जास्त इंधन जळतं; म्हणजे एकूण हिशेबात दुपटीहून अधिक ऊर्जा. ती वाट बंद झाल्यावर एकच उपाय उरला, जास्त हवा आत घेणं. त्यासाठी सिलिंडर मोठे करा, सुपरचार्जर बसवा, नाहीतर सरळ आणखी एक इंजिन आणा.

आणलेलं इंजिन जोडायचं कसं? एक पद्धत मागेपुढे ठेवण्याची. पुढच्याचा क्रँकशाफ्ट मागच्याच्या क्रँकशाफ्टला कपलिंगने जोडतात. मांडणी सोपी, पण गाडी लांबते आणि पुढच्याची सगळी ताकद मागच्याच्या शाफ्टमधून जात असल्याने त्याच्यावर दुप्पट ताण येतो. दुसरी पद्धत शेजारीशेजारी ठेवण्याची. दोन्ही फ्लायव्हीलच्या कडेचे दाते एकमेकांत अडकवतात. गाडी आखूड राहते, वजन मागच्या चाकांजवळ आणता येतं. मात्र एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं विरुद्ध दिशांनीच फिरतात. म्हणून एक इंजिन उलटं चालवावं लागतं, आणि त्यासाठी कॅमशाफ्ट वेगळा घडवून ठिणगीचा क्रमही बदलावा लागतो. दोन्हीकडचे थ्रॉटल एकाच वेळी, सारखेच उघडले पाहिजेत. बैलजोडीतला एक बैल अडला की दुसऱ्याला गाडीबरोबर त्यालाही ओढावं लागतं, तसंच इथे होतं.

टीव्ही अभिनेता टॉमी आयव्होने 1959 मध्ये दोन ब्युइक इंजिनं अशीच शेजारी बसवली. सांगाडा केंट फुलरचा होता. पेट्रोलवरच्या ड्रॅगस्टरांत ताशी 180 मैलांचा टप्पा याच गाडीने पहिल्यांदा ओलांडला. 1961 च्या पोमोनातल्या पहिल्या विंटरनॅशनल्स स्पर्धेत जॅक क्रिसमनने दोन शेव्हरले इंजिनांच्या ‘ट्विन बेअर’वर बाजी मारली. आयव्होने तर त्याच वर्षी चार इंजिनांची, चारही चाकांना ताकद देणारी ‘शोबोट’ काढली. असोसिएशनने मात्र तिला फक्त प्रदर्शनापुरतीच परवानगी दिली.

1963-64 मध्ये नायट्रोमिथेन परतलं. सुपरचार्जरचं एकच इंजिन आता दोघांचं काम करू लागलं, तेही निम्म्या वजनात आणि निम्म्या देखभालीत. जॉन पीटर्सची ‘फ्रेट ट्रेन’ यासारख्या जोडइंजिनवाल्या गाड्या पुढेही धावत राहिल्या, पण त्या पेट्रोलच्या ‘टॉप गॅस’ या वेगळ्या गटात. 1971 च्या हंगामानंतर तो गटच बंद झाला आणि जोडइंजिनांच्या हाती स्पर्धेतली हक्काची जागा उरली नाही.