उपशामक उपचार निदानापासूनच हवेत

‘आता आमच्या हातात काही नाही, घरी न्या आणि सेवा करा,’ असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच आपल्याकडे बहुतेक कुटुंबांच्या कानावर पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक उपचार, हे नाव पहिल्यांदा पडतं. साहजिकच ते मरणाचं बोलावणं वाटतं आणि लोक त्यापासून लांब राहतात. वास्तविक वेदना, धाप, मळमळ, उडालेली झोप आणि घरच्यांची ओढाताण यांवर इलाज करणारी ही वैद्यकशाखा आहे, आणि तिची गाठ केमोथेरपीच्या बरोबरीनं, निदान झाल्यापासूनच पडायला हवी. याला पुरावा आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग नुकताच आढळलेल्या १५१ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत लगेच ही सेवा मिळाली. त्यांचं जगणं अधिक सुसह्य झालं, नैराश्य कमी राहिलं आणि अखेरच्या दिवसांतले आक्रमक उपचारही घटले. तरीही त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून अधिक जगले. दुसऱ्या गटात हा आकडा ८.९ महिने होता. अभ्यास एकाच रोगाचा, एकाच रुग्णालयातला, आणि आयुष्य वाढल्याचं नंतरच्या प्रत्येक अभ्यासात दिसलेलं नाही. पण उरलेले दिवस बरे जातात हे पुनःपुन्हा दिसलंय, आणि माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे.

मोठा अडसर मॉर्फिनच्या भीतीचा. व्यसन लागेल, मरण लवकर येईल, असं घरच्यांनाच नव्हे, कित्येक डॉक्टरांनाही वाटतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्यांचा असा गुंता केला की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, आणि ते कसं द्यायचं हे न शिकताच डॉक्टर बाहेर पडत राहिले. औषधासाठी कायदेशीर अफू पिकवून निर्यात करणाऱ्या देशात माणसं दुखण्यानं तळमळत मरतात, याची चीड यायला हवी. २०१४ च्या दुरुस्तीनं नियम सोपे झाले. भीती मात्र मुरलेली आहे. साधी तोंडानं घ्यायची गोळी, थोड्या मात्रेपासून सुरुवात, दुखणं उसळायची वाट न बघता दर चार तासांनी, आणि जोडीला बद्धकोष्ठतेचं औषध न चुकता: जाणत्या देखरेखीखाली असं दिलेलं मॉर्फिन मरण ओढून आणत नाही, आणि कर्करोगाच्या वेदनेसाठी घेणाऱ्याला त्याचं व्यसन क्वचितच लागतं.

‘आमचं माणूस आम्ही बघू, बाहेरचे कशाला?’ हा आक्षेप मायेपोटी येतो, आणि माया कमी नसतेच. पण तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाची जखम चिघळली की दुर्गंधी सुटते, येणारे-जाणारे कमी होतात, रुग्ण स्वतःच दार लोटून घेतो. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या बारीक कुटून ती पूड ड्रेसिंग करताना जखमेवर भुरभुरली, तर तो वास बराच आटोक्यात येतो. ही स्वस्त युक्ती दिवसरात्र उशाशी बसणाऱ्या सुनेला कोण सांगणार? घरी येणारी प्रशिक्षित नर्स सांगते. केरळनं हे करून दाखवलंय: १९९३ मध्ये कोझिकोडला डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी सुरू केलेलं काम पुढे गावोगाव पसरलं, २००८ मध्ये राज्याचं धोरण झालं आणि गृहभेटींची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांनी उचलली. देशातलं पहिलं हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह), शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उभं राहिलं. एवढी लवकर सुरुवात झालेल्या महाराष्ट्रानं आता ही सेवा आशाताईंच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या वाटेनं खेड्यापर्यंत न्यायला हवी.

राहिला ‘पेशंटला काही सांगू नका’ हा आग्रह. धक्का बसेल ही काळजी खोटी नाही. पण रुग्णाला बहुधा अंदाज आलेला असतो, आणि लपवाछपवीत तो एकटा पडतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केलेलं आणि २०२३ मध्ये सोपं केलेलं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, आजारच ठाऊक नसलेला माणूस करणार कसं? सगळं एका दमात सांगावं असं नाही. ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ हे आधी त्यालाच विचारावं, आणि तो बसून बोलू शकतो तेव्हाच. व्हेंटिलेटर लावायचा की नाही यावर भाऊबंदांची आयसीयूबाहेर वादावादी सुरू होते, तेव्हा तो बहुतेक वेळा शुद्धीत नसतो.