फुकटचे इंटरनेट आणि वाचनालयातील खुर्ची

ज्याला इंटरनेट विकत घेणे परवडत नाही, त्याला ते सार्वजनिक जागी मिळावे, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. 2019 साली केरळच्या उच्च न्यायालयाने तर इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. प्रश्न आहे तो ‘मिळणे’ म्हणजे काय, हा. त्यासाठी आपल्या डोळ्यांदेखत घडलेले एक उदाहरण आम्ही घेतो.

जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर प्रवाशांना फुकट इंटरनेट मिळू लागले. रेल्वेची रेलटेल आणि गूगल कंपनी यांनी मिळून ते पुढे 400 स्थानकांपर्यंत नेले. हे इतक्या झपाट्याने साधले, कारण रुळांच्या कडेने काचतंतूंच्या तारा आधीच पुरलेल्या होत्या. विहिरीला पाणी होते. स्थानकात नळ तेवढा बसवायचा होता. फलाटावरच्या या सोयीचा उपयोग करून एका हमालाने लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास केल्याचे 2018 साली वृत्तपत्रांत आले, आणि ते वाचून आपणां सर्वांस आनंद झाला.

परंतु त्या हमालाच्या हाती मोबाईल होता, ही गोष्ट त्या आनंदात निसटली. स्थानकातील जाळ्यात शिरण्यासाठी मोबाईलचा क्रमांक द्यावा लागतो. त्यावर आलेला संकेतांक भरला की दार उघडते. म्हणजे ज्याच्यापाशी मोबाईल नाही, त्याच्यासाठी ते बंदच! (फलाटाचे तिकीट काढावे लागते ते वेगळेच.)

फेब्रुवारी 2020 मध्ये गूगलने या योजनेतून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. मोबाईलवरचे इंटरनेट आता स्वस्त झाले आहे, हे त्यामागचे एक कारण. रेलटेलने सोय चालू ठेवली, हे खरे. पण पुढच्याच महिन्यात शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाईलवर आले. घरात एक फोन, तो घेऊन बाप कामावर जाणार, मागे शिकणारी दोन पोरे. ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ त्या घरी जाऊन विचारावयास हवा होता.

डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. तीत चहावाला वा वाणीदेखील परवान्यावाचून आपल्या दुकानातून इंटरनेट पुरवू शकतो. कल्पना चांगली आहे. पण मोबाईल येथेही गिऱ्हाइकाचाच.

आम्हांस वाटते, या कामी वाचनालयाचा कित्ता गिरवावा. पुस्तक विकत घेऊ न शकणाऱ्याला तेथे पुस्तक मिळते, बसायला खुर्ची मिळते आणि अडले तर ग्रंथपाल असतो. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्यान्वये अनुदान मिळवणारी ग्रंथालये खेडोपाडी आहेत. त्यांपैकी प्रत्येकात दोन संगणक, एक छपाईयंत्र आणि अर्ज भरून देण्यास मदत करणारा माणूस असावा. यातला माणूसच महाग पडेल, हे आम्ही जाणतो. शिवाय वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे लागेल. मजुराला त्याआधी सवड होत नाही.