भेदरलेला कुत्रा घरी आणताना

मुरबे गावात कुत्र्यांवर व्याख्यान म्हटल्यावर थोडं हसू येणारच. बंदरावर, मासळी वाळत घातलेली असते तिथं, प्रत्येक आळीत कुत्री आहेतच की. मग शेल्टरमधून आणखी एक कशाला आणायचं? पण आता मुंबईहून, वसईहून कुत्री आणणारी घरं पालघर-बोईसरकडेही दिसतात. त्यातली काही कुत्री महिन्याभरात परत जातात. ती का जातात आणि ते टाळायचं कसं, एवढंच आज बोलू.

आधी एक फरक लक्षात घ्या. आपल्या आळीतलं कुत्रं बुजरं असलं तरी त्याला पळायची वाट माहीत असते. कुणाच्या पडवीत शिरायचं, कुठल्या होडीखाली बसायचं, हे त्याचं ठरलेलं असतं. शेल्टरमधल्या कुत्र्याचं तसं नसतं. त्याला कुणीतरी जाळी टाकून धरलेलं असतं, गाडीत घातलेलं असतं, मग पिंजरा, शेजारी दिवसभर भुंकणारी दहा कुत्री. एवढ्यात तुम्ही जाता आणि त्याला तिसऱ्यांदा उचलता. तुमच्या मनात दया असते, पण त्याच्या दृष्टीनं ते पुन्हा एकदा धरणंच असतं.

आम्ही पहिला कुत्रा आणला तेव्हा हे आम्हाला कळलं नव्हतं. तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. हात लावला तरी हलला नाही. आम्ही म्हटलं, किती शांत आहे! तो शांत नव्हता, भीतीनं गोठलेला होता. घरी आल्यावर आठवड्यानं तो जरा मोकळा झाला आणि पाहुण्यांवर गुरगुरला. लगेच सगळे म्हणू लागले, आधी चांगला होता, आता बिघडला. खरं तर तो तेव्हा कुठे बोलायला लागला होता. बरीच कुत्री परत जातात ती याच वळणावर.

भीती येते कुठून? पिल्लू साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांचं असताना जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या जगातलं नेहमीचं होऊन जातं. त्या काळात माणसाचा हात, मिक्सरचा आवाज, जिना हे भेटलंच नाही, तर पुढं ते परकं वाटतं. म्हणजे बुजऱ्या कुत्र्याला कुणी मारलेलंच असेल असं नाही. पण मोठेपणी बसलेला धक्काही खोल जातो. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतली गोष्ट सांगतो. सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला नेवा नदीचा मोठा पूर आला. कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरलं, त्यांना कसंबसं पोहवत बाहेर काढावं लागलं. त्यानंतर काही कुत्री शिकवलेलं सगळं विसरली. एका कुत्र्याबरोबर ओळखीचा माणूस त्याच खोलीत बसून राहू लागला, तेव्हा कुठे तो हळूहळू सावरला. पुढं दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली, तर तीच भीती परत आली. खाडीकाठच्या आपल्या माणसांना हे वेगळं समजवायला नको. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. सोबतीनं भीती उतरते, आणि उतरलेली भीती पुसली गेली असं समजायचं नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते बघू. आणण्याआधी शेल्टरला दोन-तीनदा जाऊन यावं. लसीचं कार्ड आणि निर्बीजीकरणाची नोंद मागावी. येताना छातीवरचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घालावेत, दोन्हींना वेगळी दोरी लावावी. घाबरलेला कुत्रा मागं सरकून मान पट्ट्यातून अलगद काढून घेतो. आपली घरं मोकळी, पुढं ओटा, मागं परसदार, कुंपण बहुतेक नाहीच. पहिल्या दिवशी पळालेल्या कुत्र्याला हाक मारून उपयोग नाही, कारण ते नाव त्याचं आहे हेच त्याला ठाऊक नसतं. शिवाय आळीतली कुत्री त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत.

घरात एक कोपरा त्याला द्यायचा, येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेला. तिथं आपला वापरलेला सदरा किंवा जुनं लुगडं टाकायचं, म्हणजे आपला वास ओळखीचा होतो. शेजारीपाजारी बघायला येतील, त्यांना नम्रपणे सांगायचं, पंधरा दिवसांनी या. खाटेखाली बसला तर ओढून काढायचं नाही. आपण जमिनीवर, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून बसायचं. डोळ्यांत बघायचं नाही, डोक्यावरून हात न्यायचा नाही. मीठ न लावलेल्या सुक्या बोंबलाचा छोटा तुकडा मध्ये टाकायचा आणि गप्प राहायचं. पुढं येणं त्याच्या मर्जीवर.

मोटारसायकलला घाबरतो, तर लांब उभं राहायचं, जिथून त्याला ती दिसते पण तो खायला नाकारत नाही. गाडी दिसली की तुकडा, गेली की बंद. काही दिवसांनी चार पावलं जवळ. खाणं नाकारलं म्हणजे आपण फार जवळ गेलो, मागं फिरायचं. सवय होईल म्हणून एकदम बाजारात किंवा हळदीच्या डीजेसमोर नेलं, तर भीती दुप्पट होते. दिवाळीत अंधार पडायच्या आधीच फिरवून आणावं, दारं-खिडक्या लावाव्यात.

मघाशी एका मावशींनी विचारलं, गुरगुरला तर फटका द्यायचा की नाही? मावशी, नाही द्यायचा. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, शेपूट पायांत घेणं, मान फिरवणं, मग गुरगुरणं, ही त्याची सूचना असते. गुरगुरणं मारून बंद केलंत, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. लहान पोरांना त्याच्याबरोबर एकटं सोडू नका. चावलाच, तर कुत्र्याला लस दिलेली असली तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणखी एक गोष्ट. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की भटकं कुत्रं दत्तक घ्यायला पालिकेकडे अर्ज करता येईल, पण घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणजे जमलं नाही तर सोडून देऊ, हा विचार धरून कुणी आणू नये. ज्या घरात दिवसभर कुणी नसतं, तान्हं मूल आहे किंवा घरातल्या एकाचाही विरोध आहे, तिथं भेदरलेला कुत्रा नकोच. नाही म्हणणं हीसुद्धा त्याच्यावर दयाच आहे.

आणि ज्यांना आणायचाय त्यांना एवढंच सांगतो. काहींना तीन आठवडे लागतात, काहींना वर्ष. आमचा कुत्रा आजही पावसाळ्यात ढग गडगडले की खाटेखाली जातो. आता तो तिथून हाताला नाक लावतो. आम्ही तिथंच बसून राहतो.