पाठीवर पिशवी, खिशात तिकीट

बालमित्रांनो, आठवडे बाजाराला फिरणारे व्यापारी तुम्ही पाहिलेच असतील. आज एका गावचा बाजार, उद्या दुसऱ्या गावचा. पहाटे टेम्पोत गाठोडी टाकायची, गाव गाठायचं, जागेची पावती फाडायची, पाल ठोकायचं आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचं. माल खपला तर बरं. पाऊस आला आणि बाजार उठला, तर टेम्पोचं भाडं अंगावर!

आता सांगा पाहू, असाच गावोगाव फिरणारा, आधी स्वतःच्या खिशातून खर्च करणारा आणि मग कमाईची वाट पाहणारा एखादा खेळाडू असू शकेल का?

असतो! तो म्हणजे छोट्या स्पर्धांच्या मालिकेत फिरणारा व्यावसायिक गोल्फपटू.

तुम्ही म्हणाल, "गोल्फ? तो तर श्रीमंतांचा खेळ!" टीव्हीवर हिरवीगार कुरणं, पांढरे बूट आणि कोट्यवधींची बक्षिसं दिसतात, म्हणून तसं वाटतं. पण टीव्हीवर दिसतात ते मूठभर. त्यांच्यामागे शेकडो खेळाडू असे आहेत की ज्यांना दर आठवड्याला पोटासाठी खेळावं लागतं. आज त्यांचीच ओळख करून घेऊ.

आधी खेळ समजून घेऊ

जळगाव-धुळ्याकडच्या मुलांनी गोल्फचं मैदान सहसा पाहिलेलं नसतं. नाशिकला गेलात तर 'गोल्फ क्लब मैदान' हे नाव मात्र कानावर पडेल. त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे आता क्रिकेटचे सामने होतात, पण जुनं नाव लोकांच्या तोंडून गेलेलं नाही.

गोल्फमध्ये छोटासा चेंडू काठीने टोलवत दूरच्या भोकात घालायचा असतो. चेंडूचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि भोकाची रुंदी असते १०८ मिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या पेल्याच्या तोंडाहून थोडी मोठी. अशी १८ भोकं ओळीने खेळली की एक फेरी पूर्ण होते. या भोकांना 'होल' म्हणतात. सगळ्यात कमी फटक्यांत जो फेरी संपवेल तो पुढे. म्हणजे हा असा खेळ आहे की ज्यात कमी गुण मिळवणारा पहिला येतो! चांगल्या खेळाडूने एक फेरी किती फटक्यांत संपवावी, हे प्रत्येक मैदानाचं ठरलेलं असतं. त्याला 'पार' म्हणतात. तो आकडा बहुधा ७० ते ७२ असतो.

खेळाडूला जास्तीत जास्त १४ काठ्या जवळ ठेवता येतात. त्यांची पिशवी उचलून बरोबर चालणारा जो मदतनीस, त्याला 'कॅडी' म्हणतात. एका फेरीत सात-आठ किलोमीटरची पायपीट सहज होते. आणि मोठी स्पर्धा अशा चार फेऱ्यांची असते, चार दिवस, रोज एक फेरी.

बाकं नसलेली शाळा

आपल्या देशात पुरुष व्यावसायिकांच्या स्पर्धा 'प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया' ही संस्था भरवते. ती २००६ साली सुरू झाली. तिच्या स्पर्धांत खेळायला परवाना लागतो. तो मिळवण्याच्या परीक्षेचं नाव आहे 'क्वालिफायिंग स्कूल'. नाव शाळेचं, पण तिथे ना फळा, ना खडू! देशभरातून आलेले खेळाडू फेऱ्यांवर फेऱ्या खेळतात. वरच्या ठराविक नंबरांना वर्षभराचा परवाना मिळतो, बाकीचे पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला. मुख्य मालिकेत जागा न मिळालेल्यांसाठी संस्थेने 'फीडर टूर' नावाची धाकटी मालिकाही चालवली. तिथे बक्षीस लहान, पण प्रवास तितकाच लांबचा.

आणि परवाना मिळाला म्हणजे नोकरी लागली असं नाही बरं का! वर्षभरात कमाई कमी झाली तर परवाना जातो आणि खेळाडू पुन्हा त्याच 'शाळेच्या' दारात उभा राहतो. पंधरा-वीस वर्षं खेळलेल्या माणसालाही हा नियम चुकत नाही.

एक आठवडा गोल्फपटूचा

या स्पर्धा होतात तरी कुठे? आज अहमदाबाद, मग चंडीगड, मग कोलकाता, जमशेदपूर, पुणे. आसामात दिग्बोई नावाचं खनिज तेलाचं जुनं गाव आहे, तिथेही स्पर्धा होते. कधी श्रीलंका, कधी बांगलादेश. भुसावळ जंक्शनवर उभं राहून विचार करा, इथून दिग्बोई गाठायचं तर किती गाड्या बदलाव्या लागतील! आणि हे सगळं पाठीवर दहा-बारा किलोची काठ्यांची पिशवी घेऊन.

स्पर्धा अनेकदा मंगळवारी सुरू होऊन शुक्रवारी संपते. म्हणजे शनिवार-रविवारी प्रवास, सोमवारी सराव. खर्च वाचावा म्हणून दोघं-तिघं मिळून स्वस्त खोली घेतात. गंमत बघा, रात्री एका खोलीत झोपणारे, एकाच ताटलीतली भजी खाणारे हे मित्र सकाळी एकमेकांविरुद्ध खेळतात!

प्रत्येक मैदानाची जातही वेगळी. दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानात जुन्या काळच्या कबरी आहेत, मोर फिरतात, आणि चेंडू जरा वाकडा गेला की दाट झुडपांत शिरतो. कोलकात्याला हवा दमट, तर अहमदाबादेला ऊन रणरणतं. कुठे गवत मऊ, कुठे कडक. सोमवारच्या एका सरावात हे सगळं वाचून घ्यायचं असतं.

साधारण सव्वाशे खेळाडू स्पर्धेला उतरतात. दोन दिवस झाले की चाळणी लागते, तिला 'कट' म्हणतात. पहिले पन्नास आणि पन्नासाव्याच्या बरोबरीत असलेले, एवढेच पुढे खेळतात. समजा कट १४४ फटक्यांवर लागला आणि तुमचे झाले १४५. संपलं! सामान बांधायचं आणि स्टेशन गाठायचं. हातात बक्षिसाचा एक रुपयाही नाही. एका फटक्याने!

काढा पाहू पाटी-पेन्सिल

आता थोडं गणित करू. खालचे आकडे मी केवळ हिशेबासाठी धरले आहेत.

समजा, एका स्पर्धेसाठी प्रवासाला ४,००० रुपये लागतात. खोलीचे दीड हजार रोज, सहा रात्रींचे ९,०००. जेवणखाण ३,०००. कॅडीचे ८,०००. स्पर्धेची फी ३,०००. झाले २७,००० रुपये. वर्षात अशा २० स्पर्धा खेळल्या तर खर्च किती? ५ लाख ४० हजार.

आता जमा बाजू. समजा, २० पैकी १० स्पर्धांत खेळाडू कट पार झाला आणि त्या प्रत्येक वेळी सरासरी ४५,००० रुपये मिळाले. म्हणजे साडेचार लाख. खर्च वजा केला तर? वर्षभर राबून, एकशे वीस रात्री घराबाहेर काढून, उलट ९०,००० रुपयांचा तोटा!

पण थांबा. ज्या तीन स्पर्धांत तो एकेका फटक्याने हुकला होता, त्यात तो एक फटका वाचला असता तर? मग १३ वेळा ४५,०००, म्हणजे ५ लाख ८५ हजार. तोटा जाऊन ४५,००० रुपये हातात राहिले. तीन फटक्यांनी वर्षाचं चित्र पालटलं. म्हणूनच हे खेळाडू हातभर अंतरावरून चेंडू भोकात ढकलण्याचा सराव रोज तासन् तास करतात. बघणाऱ्याला ते कंटाळवाणं वाटेल, पण त्यांचं घर त्याच फटक्यांवर चालतं.

बक्षिसाची वाटणीही समान नसते. एकूण रकमेतले पंधरा-सोळा टक्के एकटा विजेता नेतो. शेवटच्या नंबरांच्या वाट्याला येईल त्यात तिकीट आणि खोली निघाली तरी पुष्कळ.

शेजारच्या महूचे मुकेश कुमार

धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा ओलांडून इंदूरकडे निघालं की वाटेत महू लागतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मस्थान म्हणून हे लष्करी छावणीचं गाव तुम्हाला माहीत आहे. याच महूचे मुकेश कुमार. देशातल्या मालिकांत फिरून फिरून त्यांनी शंभराहून अधिक स्पर्धा जिंकल्या. तरी देशाबाहेरच्या मोठ्या मालिकेचा, म्हणजे 'एशियन टूर'चा, एकही किताब त्यांच्या नावावर नव्हता.

२०१६ साली दिल्लीत 'पॅनासॉनिक ओपन' ही एशियन टूरची स्पर्धा झाली. मुकेश कुमार तेव्हा ५१ वर्षांचे होते. भोवताली त्यांच्या मुलांच्या वयाचे खेळाडू. आणि स्पर्धा जिंकली कुणी? मुकेश कुमार यांनी! पहिल्यांदाच एशियन टूरची स्पर्धा जिंकणाऱ्यांत ते वयाने सगळ्यात मोठे ठरले.

या खेळात असे साध्या घरचे लोक पुष्कळ आहेत. दिल्लीचे अली शेर आधी कॅडी होते, दुसऱ्यांच्या पिशव्या उचलायचे. १९९१ साली त्यांनी 'इंडियन ओपन' जिंकली आणि ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. १९९३ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली. कोलकात्याचे एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये गवताची निगा राखायचे. त्याच गवतावर खेळ शिकलेल्या मुलाने २००८ साली 'इंडियन मास्टर्स' जिंकली.

राखीव यादीतून टोकियोला

आता आपल्या पुण्याचे उदयन माने. देशातल्या मालिकेत त्यांनी अनेक स्पर्धा जिंकल्या. पण ऑलिंपिकला जागा असते फक्त ६० जणांना आणि ती जागतिक क्रमवारीवर ठरते. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी माने होते राखीव यादीत. कोरोनामुळे ते ऑलिंपिक २०२१ साली झालं. जुलै महिन्यात अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि ती जागा माने यांना मिळाली. तिथे ते ५६ वे आले. पदक नाही मिळालं. पण विचार करा, जागा रिकामी होईल तेव्हा यादीत आपलं नाव असावं, यासाठी आधीची किती वर्षं गावोगाव खेळावं लागलं असेल!

मुलींनो, तुमच्यासाठीही सांगते. त्याच ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. तिची पिशवी उचलून चारही दिवस चालत होती तिची आई! हरियाणाच्या दीक्षा डागरला जन्मापासून नीट ऐकू येत नाही. तिने २०२२ साली ब्राझीलमध्ये झालेल्या कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. तिचे वडील अनेकदा तिचे कॅडी असतात.

वही तपासा मित्राची

या खेळातली एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार आवडते. मैदान एवढं मोठं की प्रत्येक होलवर पंच उभा राहूच शकत नाही. मग फटके मोजतो कोण? खेळाडू एकमेकांचे फटके लिहितात, आपण वर्गात वह्या अदलाबदल करून तपासतो ना, तसंच. शेवटी आपल्या कार्डावर सही करायची. एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी फटके लिहिलेल्या कार्डावर सही करून ते दिलं, तर खेळाडू स्पर्धेतून बाद.

गवतात चेंडूला आपलाच धक्का लागून तो हलला, तर एक फटका दंड. तो कुणी पाहिला नसला तरी स्वतःहून सांगायचा. आता वरचं गणित आठवा. त्या एका फटक्याने कट हुकणार असेल, आठवड्याचा खर्च बुडणार असेल, खोलीवर परतताना घरी फोन करून काय सांगू हा प्रश्न पडणार असेल, तरी सांगायचा. सोपं आहे का? अजिबात नाही.

आई-बाबांसाठी दोन ओळी

मूल खेळात पुढे जायचं म्हणतं, तेव्हा घरात एकतर "अभ्यास कर!" असं उत्तर मिळतं, नाहीतर सगळे लगेच पदकाची स्वप्नं पाहू लागतात. खेळाचा मधला रस्ता सहसा कुणी सांगत नाही. तो रस्ता लांब आहे, खर्चाचा आहे, आणि त्यावर चालणारे बरेच जण कधी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाहीत. म्हणून मुलाला अडवू नका, पण हिशेबाची वही मात्र त्याच्यासोबत बसून लिहा. किती वर्षं, किती खर्च, आणि जमलं नाही तर पुढे काय, हे घरात मोकळेपणाने बोललं गेलं तर मूल निर्धास्त खेळतं. हे फक्त गोल्फचं नाही. आपल्या यात्रेतल्या फडात उतरणाऱ्या पैलवानालाही हेच लागू.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर खाली बारीक अक्षरात निकालांची यादी असते. एरवी आपण पहिलं नाव वाचतो आणि पान उलटतो. या रविवारी त्या यादीतलं चाळिसावं, पन्नासावं नाव शोधून वाचा. तो खेळाडू या क्षणी कदाचित एखाद्या फलाटावर पिशवीला टेकून पुढच्या गाडीची वाट पाहत असेल. त्याच्या आठवड्याचा हिशेब तुम्हाला आता मांडता येतो. मांडून बघा आणि घरी सगळ्यांना दाखवा!