मढचा कोळी, समुद्राची भरती आणि चांद्रयान

मुंबईच्या वायव्येला, मालाडच्या पश्चिमेस मढ नावाचे गाव आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. वेसाव्याहून तरीत बसले की थोड्याच वेळात माणूस मढच्या किनाऱ्याला लागतो. मुंबई महानगराचा भाग असूनही या गावात कोळीवाडा नांदतो आहे. किनाऱ्याला नौका, अंगणात जाळी, बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील असे येथले चित्र असते.

आपण शेतकरी माणसे वाफसा पाहून पेरणी करतो. मढचा कोळी तिथी पाहून जाळे टाकतो. वाचकहो, तिथीचा आणि मासळीचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो नवससायासाचा नाही. तो चंद्राच्या ओढीचा आहे. ज्या चंद्रावर आपले यान उतरले, तोच चंद्र रोज मढचे पाणी वर-खाली करतो. चंद्राविषयी अलीकडे काय कळले आणि त्याचा आपल्या संसाराशी काय मेळ बसतो, हे आज पाहू.

डोल जाळे कसे धरते?

मढ, वेसावे या भागात डोल जाळ्याने मासेमारी करण्याची जुनी चाल आहे. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखे जाळे. तोंड रुंद, शेपूट निमुळते. समुद्राच्या तळात पक्क्या केलेल्या आधाराला त्याचे तोंड बांधतात. हे जाळे माशामागे धावत नाही. ते एका जागी उभे राहते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी त्याच्या तोंडात आणून सोडतो. बोंबील, जवळा, करंदी अशी मासळी त्यात येते. पाणी फिरण्याच्या सुमारास प्रवाह क्षणभर थांबतो, तेव्हा जाळे ओढून घेतात. थोडक्यात सांगायचे तर पाणचक्कीला जसा पाट, तसा डोलीला प्रवाह.

आता हा प्रवाह रोज सारखा नसतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढते आणि खूप उतरते. त्याला उधाण म्हणतात. तेव्हा प्रवाहाला जोर असतो. अष्टमीच्या सुमारास पाणी थोडेच चढते, थोडेच उतरते. तो भांग. भांगात प्रवाह मंद, म्हणून डोलीत मासळीही बेताची. घरात चार पैसे केव्हा येणार, हे असे चंद्राच्या कलेवर ठरते.

पाऊणपटीचा हिशेब

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक तोंडी हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घड्याळ नसलेल्या माणसाला हा हिशेब पुरेसा होता.

यामागचे कारण सोपे आहे. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळे तो रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी ५० मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. म्हणून भरतीही रोज तेवढी मागे पडते. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती पुढे सरकला त्याचे माप. पंचांगाने चंद्र मोजला, कोळ्याने पाणी मोजले, आणि दोघांचा ताळा जमला.

पाणी का चढते?

याचे शास्त्रशुद्ध उत्तर न्यूटनने १६८७ साली दिले. जवळच्या वस्तूवर ओढ जास्त, दूरच्या वस्तूवर कमी. पृथ्वीची जी बाजू चंद्राकडे असते, तेथील पाण्यावर ओढ सर्वांत जास्त. पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी. पलीकडच्या बाजूच्या पाण्यावर सर्वांत कमी. या फरकामुळे पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून साधारणपणे दिवसातून दोनदा भरती.

सूर्यही पाणी ओढतो, पण तो फार दूर असल्याने त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी पडतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात. एकाच जुवाला दोन बैल जुंपावेत तशी त्यांची ओढ एक होते आणि उधाण येते. अष्टमीला ते काटकोनात असतात, एकमेकांचे काम कमी करतात, आणि भांग लागतो. पाण्याला हलायला वेळ लागत असल्याने उधाणाचा खरा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो.

मग आपल्या विहिरीला, तळ्याला भरती का येत नाही? कारण भरती येते ती ओढीतल्या फरकाने. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर आहे, म्हणून तिच्या दोन बाजूंवरील ओढीत फरक पडतो. तळ्याच्या दोन काठांवर चंद्राची ओढ जवळजवळ सारखीच. शिवाय किनाऱ्याचा आकारही महत्त्वाचा. मुंबईस उधाणात पाणी पाच मीटरच्या जवळपास जाते. खंबातच्या आखातात नरसाळ्यासारखी चिंचोळी जागा असल्याने भावनगरकडे ते दहा मीटरच्याही वर चढते. उलट दक्षिणेस कोचीला एक मीटरच्या आसपास.

चंद्र दूर चालला आहे

भरतीचा एक मोठा परिणाम गेल्या काही दशकांत नेमका मोजला गेला. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर एक खास आरसा ठेवला. पुढे आणखीही ठेवले गेले. पृथ्वीवरून लेसर नावाचा प्रखर प्रकाशझोत त्यावर सोडला की तो अडीच सेकंदांत परत येतो. त्या वेळेवरून चंद्राचे अंतर काढतात. ते सरासरी ३,८४,४०० किलोमीटर आहे, आणि दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने वाढते आहे. आपल्या बोटाचे नख साधारण याच वेगाने वाढते.

चंद्र दूर का जातो? पृथ्वी वेगाने फिरते, त्यामुळे पाण्याचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो. तो फुगवटा चंद्राला पुढे खेचतो, आणि चंद्राची फेरी रुंदावते. त्याच वेळी पाण्याच्या घर्षणाने पृथ्वीचा फिरण्याचा वेग मंदावतो. दिवस शंभर वर्षांत सुमारे दोन हजारांश सेकंदाने लांबतो. झाडाच्या खोडात जशी वर्षाची वलये, तशा जुन्या प्रवाळांच्या अंगावर रोजच्या वाढीच्या बारीक रेषा असतात. त्या १९६३ साली मोजल्या गेल्या, तेव्हा कळले की सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी वर्षाचे दिवस जवळपास ४०० होते. म्हणजे दिवस सुमारे २२ तासांचा होता.

चांद्रयानाची सप्तमी

आता आपल्या यानाकडे येऊ. २००८ साली निघालेल्या पहिल्या चांद्रयानाने चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश असल्याचे दाखवले. २०१९ साली दुसऱ्या चांद्रयानाचे उतरणे साधले नाही, पण त्याचे फिरते यान चंद्राभोवती काम करत राहिले. मग २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी तिसऱ्या चांद्रयानाचा विक्रम चंद्राच्या दक्षिण भागात अलगद टेकला. त्या दिवशी श्रावण शुद्ध सप्तमी होती. शास्त्रज्ञांनी मुहूर्त काढला नव्हता. विक्रम सूर्याच्या उन्हावर चालणार होता, आणि चंद्रावर दिवस आपल्या चौदा दिवसांचा असतो. उतरण्याच्या जागी नुकतीच सकाळ झालेली हवी होती. चंद्राच्या कोणत्या भागावर ऊन केव्हा येते हे कलेवरून ठरते, आणि कला म्हणजेच तिथी. कोळी ज्या हिशेबाने जाळे टाकतो, त्याच हिशेबाचे हे अधिक नेमके रूप.

विक्रमने चंद्राच्या मातीत उष्णता मोजणारी सळई खुपसली. वरची माती ५० अंशांहून तापलेली, आणि जेमतेम चार बोटे खाली उणे १० अंश! ती माती उष्णता खाली जाऊच देत नाही. प्रज्ञान या छोट्या गाडीने सुमारे शंभर मीटर फिरून माती तपासली. त्यावरून २०२४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की, चंद्र आरंभी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, या मताला ती माती दुजोरा देते. विक्रमच्या अंगावरही एक छोटा आरसा आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने त्यावर लेसर पाडला आणि प्रकाश परत आला. यापुढे तो आरसा चंद्रावर खुणेच्या दगडासारखा उपयोगी पडेल.

हिशेब कोठे अपुरा पडतो?

तिथीचा हिशेब चंद्रसूर्याचा आहे. वारा आणि पाऊस त्यात धरलेले नाहीत. हे विसरले की घात होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि दुपारी समुद्राला भरती होती. नाल्यांचे पाणी जाणार कोठे? मुंबई बुडाली, शेकडो माणसे गेली. १७ मे २०२१ रोजी वैशाख शुद्ध पंचमी होती, म्हणजे उधाण ओसरत आलेले. तरी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले आणि समुद्र खवळून लाटा रस्त्यावर आल्या. तिथीत हे कळले नसते. ते आधी कळले उपग्रहांनी घेतलेल्या ढगांच्या चित्रांवरून आणि हवामान खात्याच्या इशाऱ्यावरून.

खाडीकाठच्या खारजमिनीत भात करणाऱ्या बांधवांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. भरतीला उघाडीचे दार मिटते, ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर जाते. ऐन उधाणात मोठा पाऊस आणि वारा एक झाले की बांधाला खांड पडते, खारे पाणी आत शिरते आणि जमीन काही वर्षे पिकत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी बांध आणि उघाडीची दारे तपासावीत. पंचांगात अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन-तीन दिवस खूण करून ठेवावेत. त्या दिवसांत जोराच्या पावसाचा इशारा असला तर भरतीच्या वेळी बांधावर किंवा खाडीत एकट्याने जाऊ नये. समुद्रावर जाणाऱ्यांनी तर तिथी कितीही अनुकूल असली तरी इशारा ऐकल्याशिवाय नौका सोडू नये.

मढच्या कोळ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाहून जे ओळखले, त्याचे कारण शास्त्राने सांगितले, आणि जे तिथीत मावत नाही त्याची सूचना आता आकाशातून मिळते. दोन्ही शिदोऱ्या जवळ बाळगाव्यात. आपल्या मुलांना पुढच्या चतुर्थीला पाऊणपट करायला सांगा, आणि त्यामागे चंद्राचा हात कसा आहे तेही समजावून द्या.