लिंगडाची जुडी

रानभाजी म्हटली की आपल्यासमोर उभा राहतो तो सह्याद्रीतला पावसाळा आणि टाकळा, कुर्डू, शेवळे. पण थंड, ओल्या हिमालयाचीही स्वतःची रानभाजी आहे. कुलू-मनालीच्या बाजारात उन्हाळ्याच्या दिवसांत स्थानिक बायका जिलबीसारख्या वेटोळ्या, हिरव्यागार कोंबांच्या जुड्या घेऊन बसतात. मीही एक जुडी घेतली होती. हे लिंगड, म्हणजे नेच्याचे अजून न उलगडलेले पान. कुमाऊं-गढवालमध्ये त्याला लिंगुडा म्हणतात. जम्मूकडे अशाच कोंबांचे कसरोड म्हणून लोणचे घालतात, तर दार्जिलिंग-सिक्कीमला निंग्रो छुर्पीबरोबर शिजते.

जुडी देताना त्या बाईने बजावले होते, ‘‘चांगली उकळा.’’ कोंबावरची तपकिरी लव चोळून काढायची, पाणी बदलत धुवायचे, उकळून ते पाणी फेकायचे आणि मगच फोडणी द्यायची. ही निव्वळ चवीची गोष्ट नाही. 1994 मध्ये न्यूयॉर्क राज्यात आणि पश्चिम कॅनडात फिडलहेड म्हटले जाणारे नेच्याचे कोंब कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाल्ल्याने अनेकांना उलट्या-जुलाब झाले. आज कॅनडाचे आरोग्य खाते हे कोंब 15 मिनिटे उकळा, असे सांगते. शिवाय सगळेच नेचे खाण्याजोगे नसतात. ब्रॅकन नेच्यात तर कर्करोगाला कारण ठरणारे द्रव्य आहे. तेव्हा पर्यटकाने जंगलात शिरून स्वतः खुडायला जाऊ नये.

आपल्याकडेही शेवळांत काकडे घालतात, नाहीतर घसा खाजतो. वनस्पती आणि तिची कृती या दोन्ही गोष्टी मिळूनच रानभाजी होते. एक हरवली तर दुसरी धोक्याची ठरते.

आज मागणी वाढली की कृतीची घाई होते आणि खुडण्याचीही. नेच्याला फूल नाही, बी नाही. एका गड्ड्यावरचे सगळेच कोंब खुडले तर पान उलगडणार कसे आणि पुढच्या वर्षीसाठी गड्डा अन्न साठवणार कशाने? थोडे खुडून बाकीचे ठेवणे, हे जाणत्या हाताचे काम आहे.

म्हणून पहाडात गेलात तर लिंगड जरूर खा. पण विकणाऱ्या बाईशी भावावरून घासाघीस करण्याआधी, ती कसे रांधते ते विचारा. जुडीपेक्षा तिचे ते ज्ञान अधिक मोलाचे आहे.